शंभरपैकी तेवीस

दि. १९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय दादास,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीक असावं असं वहिनीच्या मेसेजवरून वाटतं. तिचा गुडघा आता जिना चढू देतो म्हणे, आणि चष्म्याच्या दुकानात तू काचा घासायचं नवं मशीन घेतलंस, हेही कळलं. तीन वर्षं आपलं सगळं बोलणं वहिनीमार्फत चाललंय. तिला पोस्टमनची टोपी तरी घेऊन दे.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही. मी संतापले आहे. माझा संताप शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो मला लहानपणी ‘भोंगा’ म्हणायचा.

तर ऐक. आमच्या रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये हल्ली फोन माणसं घेतात आणि गुण मशीन देतं. काय बोललो ते नाही, कसं बोललो ते तपासतं. गेल्या महिन्यात माझ्या एका फोनला शंभरपैकी तेवीस मिळाले. खाली शेरा: ‘सुरात आक्रमकता. आवाजात हास्य आढळले नाही.’

अरे, समोरच्या माणसाची बायको स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली. श्वास बंद. तिथे मी हास्य कुठून आणू? डब्यात भरून नेते का मी ते?

शिक्षा म्हणून रवानगी झाली आवाजाच्या कार्यशाळेत. शिकवायला एक तरुण. गळ्यात मफलर, हातात कोमट पाण्याची बाटली. आम्ही त्याचं नाव मखमल ठेवलं. दोन दिवस त्याने आम्हाला पोटावर हात ठेवून ‘म्म्म्’ करायला लावलं. आम्ही आठ जण, सगळे चाळिशी ओलांडलेले, बंद खोलीत गुणगुणतोय. शेवटी शिपायाने दार ठोठावून विचारलं, “आत फ्रीज बिघडलाय का?”

“ताई,” मखमल मला म्हणाला, “माणूस शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो.”

“हो का? मग पत्ताही गुणगुणूनच विचारू?”

सगळे हसले. तोही हसला, मखमलीच. मी मात्र ते वाक्य घरी घेऊन आले आणि ते चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. का, ते सांगते. जरा थांब.

आधी तो फोन. भर दुपारची वेळ. बोलणारे गृहस्थ निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर लोकांना गप्प बसवलेला माणूस, स्वतःही कुजबुजतच बोलत होता. “बायको पडलीय, घोरल्यासारखी करत होती, आता तेही थांबलंय.” मी गाडी सोडली आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात सांगितलं की, छाती दाबावी लागेल, मी सांगते तसं करा. अठरा वर्षं घोटलेला आवाज आहे तो. खालचा, सावकाश, कुठेही न चिरकणारा. ते म्हणाले, “बरं. पण गाडी येतेच आहे ना? तोवर हिला जरा पडू देतो.” मी पुन्हा तसंच सांगितलं. ते पुन्हा “बरं” म्हणाले, आणि मला सोफ्याची स्प्रिंग कुरकुरलेली ऐकू आली. हा माणूस बसला होता!

मग मी ओरडले.

“अहो, उठा! ती मरतेय! दोन्ही हात छातीवर ठेवा आणि दाबा! जोरात! मोजा माझ्याबरोबर!”

कंट्रोल रूममधल्या सगळ्या माना वळल्या. अकरा मिनिटं मी ओरडून मोजत होते आणि ते दाबत होते. गाडी पोचली. बाई जगली.

परवा दोघं ऑफिसात आले. त्या अजून धापा टाकतात, पण नवऱ्याला दोन वाक्यंही पुरी करू देत नाहीत, म्हणजे तब्येत उत्तम. जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुम्ही आधी इतक्या गोड बोलत होतात की मला वाटलं, काही विशेष झालेलं नाही.”

दादा, मी तिथेच खुर्चीवर बसले.

आई पडली त्या दुपारी चार वाजता मी तुला दवाखान्याच्या व्हरांड्यातून फोन केला. “आईला इथे आणलंय. डॉक्टर म्हणतात, यायला हवं.” तू राहिलेले तीन चष्मे पुरे केलेस, जेवलास, झोपलास आणि सकाळची पहिली बस धरलीस. पोचलास तेव्हा आई जाऊन दोन तास उलटले होते. तू विचारलंस, “नीट सांगितलं का नाहीस?” आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, “सांगितलं होतं. तुला चष्मे महत्त्वाचे वाटले.”

तीन वर्षं मी त्याच वाक्यावर उभी आहे. शब्द बरोबर होते माझे, एकही खोटा नव्हता. पण आवाज? तो ऑफिसातला होता. तुला घाबरवू नये म्हणून, असं मी वहिनीला सांगत आले. ते मात्र खोटं. घाबरले होते मी. त्या आवाजात शिरून आतून कडी लावली की भीती बाहेर राहते. त्या दिवशी तूही बाहेरच राहिलास. मशीनने त्या फोनला शंभरपैकी शंभर दिले असते.

चष्म्यांचं मी बोलायला नको होतं. तुझी चूक नव्हती. ओरडायला हवं होतं मी.

साहेबांनी एक कागद दिलाय: ‘माझा आवाज अयोग्य होता, हे मला मान्य आहे.’ शुक्रवारपर्यंत सही, नाहीतर हेडफोन काढून जुन्या नोंदींच्या खोलीत बसा. मी सही करणार नाही. अयोग्य आवाजाची कबुली द्यायची तर ती त्या फोनची नाही, तुला केलेल्या फोनची. ती इथे दिली.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन. वहिनीच्या हातात देऊ नकोस. कसं बोलायचं ते ठरवलेलं नाही. आवाज चिरकेल, फुटेल, बहुधा रडेनही. तेवढं ऐकून घे. मग हवं तितकं ओरड.

तुझी,
भोंगा