तेलाच्या भोकाचा बोल्ट

अहो,

नलू झोपली आहे तेवढ्यात लिहिते. गॅरेजचा खर्च वाचवायला गाडीच्या इंजिनातले ते दोन बॅलन्स शाफ्ट, थरथर कमी करणारे दांडे, तुम्ही घरीच काढलेत, ठीक. पण स्वयंपाकघरात? पोळपाटाशेजारी शाफ्ट, परातीत बेल्ट. पोर रांगायला लागली, किती वेळा सांगितलं.

शाफ्ट काढल्यावर उघडं राहिलेलं तेलाचं भोक बुजवायचा बोल्ट काल घरभर शोधलात ना? आज तो तिच्या तोंडातून काढला. ती मात्र हसत होती.

आम्ही उमरोळीला आईकडे जातो. भात झाकून ठेवलाय, हात साबणाने धुऊन जेवा.

बोल्ट माझ्या पदराला बांधलाय. त्याच्याशिवाय इंजिन चालू करता येत नाही, तुम्हीच म्हणालात. आधी फरशी पुसा, मग सायकलवरून या. बोल्ट आमच्यासकटच मिळेल.

उषा