‘घरून’ आलेली वाक्यं

अमरावती, ४ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
पौर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. तुमचा वऱ्हाडी शब्दसंग्रह यंत्राला वऱ्हाडी शिकवायच्या आमच्या प्रकल्पात घ्यायचं ठरलं. परवाना खुला राहील. कोणीही फुकट वापरावा, कंपन्यांनीसुद्धा, फक्त ज्याचं आहे त्याचं नाव द्यावं. एकदा दिला की परत घेता येत नाही.

सुट्या शब्दांवर कोणाची मालकी नसते, पण वाक्यांचं तसं नाही, असं आमचे वकील म्हणतात. तुम्ही प्रत्येक वाक्यापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहिलंत, सहदेव, बेबीताई. निम्म्या वाक्यांपुढे मात्र नुसतं ‘घरून’. मला कळतं, वकिलांना कळत नाही. मामीचं नाव लिहा आणि वारस म्हणून सही करा, नाहीतर ती वाक्यं गाळावी लागतील.

जेवता ना वेळेवर? लोभ असावा, रागासकट.

तुमची पौर्णिमा

हिवरखेड, १३ नोव्हेंबर

चि. पौर्णिमास अनेक आशीर्वाद.

वकिलाला सांग, या घरात एकच बाई होती. तिचं नाव मी लग्नाच्या उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे सारा संसार ‘अवो’वर निभावला. आणि तिची वाक्यं म्हणजे मला घातलेल्या शिव्याच. ‘काहून तोंड पाडून बसले, चहा थंडा होऊन राह्यला.’ हे जगाला वाटणारा मी कोण? तिला विचारल्याशिवाय मी घरचं सूपही कोणाला उसनं दिलं नाही. आता विचारू कोणाला? गाळून टाक.

जेवण एकट्याचं, त्याला वेळ कशाला.

खुशालमामा

अमरावती, २० नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मामांस, शि. सा. न.

तुमची मर्जी. पण चहाचं ते वाक्य मी ऑफिसात वाचून दाखवलं, तर परतवाड्याच्या मोनालीने हसत हसत ते पुन्हा वाचायला लावलं. तिची आई असंच बोलायची म्हणे, आता घरात असं बोलणारं कोणी उरलं नाही. मामीला गाळलं तर उद्या वऱ्हाडी बोलणारं यंत्र तुमच्यासारखं होईल. तुम्ही तर बोलतच नाही.

माया आहे म्हणूनच भांडते.

पौर्णिमा

हिवरखेड, २ डिसेंबर

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

कागद पाठवतो आहे. ‘घरून’ खोडून सगळीकडे लिहिलं, भागीरथा. हात चालेना, म्हणून आधी तोंडाने म्हणून पाहिलं, स्वयंपाकघराकडे बघून, चांगलं मोठ्याने. घरात कोणी नाही, तरी लाजलो. फार एकटं वाटलं, पोरी.

नाव घेतलं की माणूस ओ देतं. मी थोडा वेळ थांबलो. मग सही केली.

येऊन जा.

तुझा मामा