मंत्र्यांची प्रार्थना आणि आईचं वर्ष

रामले, सोमवार

ती. हनोखदादा यांस,

धाकट्या नफ्तालीचा शालोम आणि पायांवर डोकं (लांबूनच, कारण वाकलो की कंबर परत सरळ व्हायला तयार होत नाही). तुझं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? वहिनींची साखर? ठाण्याच्या घरासमोर तो नवा पूल व्हायचा होता तो झाला की अजून खड्डाच आहे? आम्ही इकडे देवाच्या कृपेने ठीक. फ्लोराचा रक्तदाब बातम्या लागल्या की वर जातो आणि माझ्याशी बोलली की आणखी वर जातो. डॉक्टरांनी तिला बातम्या बंद करायला सांगितल्या आहेत. माझ्याबद्दल ते अजून काही बोललेले नाहीत.

पत्रास कारण की काल आईचं वर्ष झालं. ते कसं झालं हे तुला फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर तू मध्येच "बरं बरं" करतोस आणि मग मुद्दा राहून जातो. तेव्हा नीट बैस आणि वाच.

तुला आमचं सिनेगॉग माहीत आहे. (म्हणजे माहीत नाही, कारण तू कधी आलाच नाहीस, पण फोटो पाठवला होता. निळ्या दाराचा, पहिल्या मजल्यावरचा, खाली चपलांचं दुकान.) आपली कोकणातली एकोणीस पुरुष माणसं तिथे जमतात. शनिवारी शब्बाथला तोराची पोथी वाचून झाली की देशासाठी प्रार्थना होते, त्यात मंत्र्यांना आणि सल्लागारांना देवाने प्रकाश द्यावा असं एक वाक्य आहे. सगळ्यांनी उभं राहून ऐकायचं आणि आमेन म्हणायचं. इतकी वर्षं म्हणत आलो. प्रकाश आला नाही हा भाग निराळा.

आता आमच्याकडे निवडणुका किती होतात ते तू पेपरात वाचतोसच. तुमच्याकडे पाच वर्षांनी एकदा बोटाला शाई लागते. आमच्याकडे शाईची पद्धत नाही ते बरंच, नाहीतर बोट कायमचं निळं राहिलं असतं. तर एक सरकार आलं, ते मोर्देखाय आष्टमकराला आवडेना. मोर्देखाय म्हणजे बस चालवायचा तो. निवृत्त झाला तरी अजून सगळ्यांना "पुढे सरका" असंच बोलतो. मंत्र्यांचं वाक्य आलं की त्याला खोकला येऊ लागला. बरं, ते सरकार पडलं, दुसरं आलं, आणि खोकला सायमन किहीमकराला लागला. सायमन म्हणजे त्याचा साडू, वीज कंपनीतला. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, रोज एकमेकींकडे भाजी पोचवतात, आणि हे दोघे त्याच भाजीवर राजकारण करतात. मग असं एक सरकार आलं की जे दोघांनाही आवडेना, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. त्या शब्बाथला दोघे एकदम खोकले आणि प्रार्थना कोणाला ऐकूच गेली नाही.

पुढच्या शब्बाथला मोर्देखाय वाक्य यायच्या आधीच पुस्तक मिटून खाली बसला.

"ऊठ की रे!" सायमन ओरडला. "देशाची प्रार्थना चाललीये."

"देशासाठी उठतो. मंत्र्यांसाठी बसतो."

"एकाच वाक्यात दोन्ही आहेत, मग तू काय उठाबशा काढणार?"

आणि मोर्देखायने खरोखर उठाबशा काढल्या. दादा, मी हसलो, मी खोटं बोलत नाही. पण त्याच संध्याकाळी सिनेगॉग फुटलं. मोर्देखाय आठ जणांना घेऊन समोरच्या बागेतल्या बंकरात गेला. बाकीचे आठ सायमनबरोबर वर राहिले. (बागेतल्या बंकरांत आमच्याकडे काय काय भरतं ते विचारू नकोस. आमच्या मोहल्ल्यातल्यात आधी बायकांचा नाचाचा वर्ग होता.) सायमनने सर्वांसमोर शपथ घेतली की मेलो तरी त्या भोकात पाय ठेवणार नाही.

आता हिशेब तुझ्या लक्षात आला असेल. तिकडे नऊ, इकडे नऊ, आणि सामुदायिक प्रार्थनेला पुरुष लागतात दहा. एकोणिसावा मी.

दादा, मला आयुष्यात कधी कोणी विचारलं नव्हतं. कारखान्यात तीस वर्षं मी डबे मोजले आणि घरी फ्लोराने मला मोजलं. पण त्या आठवड्यात मला कळलं की संसदेत चार डोकी असलेले पक्ष एवढे गुबगुबीत का दिसतात. सायमनने मला ए.सी. खालची जागा दिली, जी मरेपर्यंत अब्राहम पेणकराची होती. मोर्देखायने हेखालचा, म्हणजे तोरा ठेवायच्या कपाटाचा, पडदा बाजूला सारण्याचा मान दिला आणि शिवाय परराष्ट्र खातं. (परराष्ट्र म्हणजे समोरचं सिनेगॉग. अंतर, एक रस्ता आणि एक झोपाळा.) मी सकाळी वर प्रार्थना करायचो आणि संध्याकाळी बागेत. एलियाहू हन्नाबीच्या नवसाच्या गोड पोह्यांत, मलिद्यात, दोन्हीकडे माझ्या ताटात खजूर जास्त पडू लागले. एकदा तर नारळ जरा जाड खवलाय म्हणून मी सायमनचं सरकार दुपारभर पाडून ठेवलं.

फ्लोरा म्हणाली, "अहो, असली माणसं आपल्या देशात मंत्री होतात. तुम्ही बागेत काय करताय?"

कोपऱ्यावरचा जिर्यस औषधवाला हे सगळं काउंटरमागून बघत असतो. तो इथलाच अरब, त्याच्या आजोबांपासून दुकान आहे. मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो तेव्हा त्याला म्हटलं, "जिर्यस, दहाव्या माणसाला फार व्याप असतात बघ." तो गोळ्या पिशवीत टाकत म्हणाला, "काका, मी सुखी आहे. मला वर मोजत नाहीत, बागेत मोजत नाहीत, आणि सरकार बनवतानाही मोजत नाहीत. फक्त कर भरताना न चुकता मोजतात." मी खोकल्याचं औषधही घेतलं.

आणि मग आईचं वर्ष आलं. मुलगा म्हणून कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, मी म्हणायचं. (तूही म्हणणार होतास, पण तू तिकडे.) दहा पुरुष आमेन म्हणणारे नसले तर कद्दिश होत नाही. आता खरं तर मोर्देखाय आणि सायमन दोघांनीही आईच्या हातचा चिकाचा हलवा लहानपणापासून खाल्लेला. मोर्देखायच्या आईला दूध येत नव्हतं तेव्हा आपल्या आईने त्याला पाजलंय, हे ती दर सणाला सर्वांसमोर सांगायची आणि तो लाल व्हायचा. तेव्हा दोघांनाही वाटत होतं की कद्दिश आपल्याकडे व्हावं. सायमनने विचारलं, मी हो म्हटलं. मोर्देखायने विचारलं, मी हो म्हटलं. युतीच्या वाटाघाटी अशाच करतात, मी टीव्हीवर बघितलंय.

फक्त टीव्हीवर त्यांच्या बायका बहिणी-बहिणी नसतात. भाजीबरोबर ही बातमीही पोचली. संध्याकाळी मी वर गेलो तर सायमन दारात. "ज्याला हो म्हटलंस त्याच्याकडे जा." बागेत गेलो तर मोर्देखाय दारात. "पुढे सरक." वर नऊ माणसं दहाव्यासाठी खोळंबलेली, खाली नऊ माणसं दहाव्यासाठी खोळंबलेली, आणि दहावा रस्त्याच्या मधोमध फ्लोराने केलेल्या हलव्याचं ताट घेऊन उभा. ऊन उतरत चाललं होतं. मला आईपुढे फार लाज वाटली, दादा. एवढ्या बाईचं वर्ष, आणि माझ्या पुढारीपणापायी तिला आमेन मिळेना.

तेवढ्यात सायरन वाजला.

तुला वाटेल मी घाबरलो. घाबरायला वेळ नसतो, आम्हाला सवय आहे. (सवय आहे असं आम्ही सगळेच म्हणतो.) वरचे नऊ जण जिन्यावरून धावत खाली आले. त्या इमारतीला बंकर नाही, बंकर एकच, बागेतला. सायमन दारापर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला. शपथ! वर आकाशात रॉकेटची शिट्टी आणि हा शहाणा पाय उचलून उभा, करकोच्यासारखा. मागून जिर्यस पांढऱ्या कोटात पळत आला. "आजोबा, भोकात नाही, बंकरात जायचंय," तो म्हणाला आणि त्याने सायमनला पाठीला हात लावून आत लोटलं. दार बंद झालं.

बाहेर दोनदा धाडकन झालं. भिंतीवरचा रंगाचा पोपडा माझ्या ताटाशेजारी पडला. नंतर शांत. थोडा वेळ आतच थांबायचं असतं. कोणी कोणाकडे बघेना. मग मोर्देखाय भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "सूर्य बुडाला की वर्ष निघून जाईल. म्हण की."

मी म्हटलं. आणि दादा, ते आमेन! सायमनच्या लोकांनी म्हटलं म्हणून मोर्देखायच्यांनी मोठ्याने म्हटलं, म्हणून सायमनच्यांनी त्याहून मोठ्याने. आईला आयुष्यात एवढ्या चढाओढीने कोणी मान दिला नसेल. शेवटचं आमेन जिर्यसनेही म्हटलं. मी रडलो. मोर्देखायही रडत होता, पण त्याने खोकल्यासारखं केलं.

मग हलवा वाटला. जिर्यसने दोन वड्या घेतल्या. दार उघडलं तेव्हा बागेत झोपाळा तसाच हलत होता, आणि आम्ही सगळे बरोबर बाहेर पडलो, एकमेकांना हात देत. अशी आपली माणसं, दादा. वेळेला एक होतात. मला आपल्या लोकांचा आणि देशाचा अभिमान वाटला.

वहिनींना, मुलांना शालोम. गुडघ्याला तीळतेल चोळ.

तुझा धाकटा,
नफ्ताली

ता. क. वरचं पत्र सोमवारी लिहिलं, टपालात टाकायचं राहिलं. आज शब्बाथ उलटला. आम्ही सगळे एकत्र जमलो होतो. वाद असा निघाला की आईचं कद्दिश कोणाच्या सिनेगॉगात झालं. मोर्देखाय म्हणतो जागा त्याची. सायमन म्हणतो पहिलं आमेन त्याचं. मंत्र्यांचं वाक्य यायच्या आतच परत फूट पडली. सायमनचा एक भाचा पक्ष बदलून बागेत गेला (तिथे पंखा नवीन आहे), त्यामुळे बागेत पूर्ण दहा झाले. माझी आता कोणाला गरज नाही. सायमनकडे आठ, मी धरून नऊ.

ता. क. २. म्हणून तुला विचारतो की तू इकडे कधी येतोस? पवित्र भूमी वगैरे बघणं होईल. सायमनला मी तुझा शब्द दिला आहे. मोर्देखायलाही दिला आहे, कारण त्याचेही दोघे जण फुटायच्या बेतात आहेत. त्याने तुला परराष्ट्र खातं देऊ केलंय. तू परदेशातून येणार, तुला शोभेल. येताना वहिनींकडून आमसुलं आण.

ता. क. ३. बंकरात मी डोळे मिटून आवाज ओळखत होतो. सगळे होते, अगदी जिर्यससुद्धा. तुझा नव्हता. तू ठाण्यात म्हटलं असशील, मला ठाऊक आहे. पण आईला शेवटी शेवटी लांबून ऐकू येत नव्हतं, जवळ जाऊन बोलावं लागायचं. हे तुला कोणी सांगितलं नसेल. पुढच्या वर्षी ये. ए.सी. खालची जागा तुला देतो.