ताशा आहे, ढोल नाही

शनिवार, २ ऑगस्ट

डिकी गेली! आता तिच्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा मावणार नाही. आमच्या धाकट्या दिराने, अभिनवने, दोन सबवूफर बसवलेलं भलंमोठं खोकं आणून ठेवलंय. गाणं लावलं की नुसतं धाडधाड घुमायचं, एवढंच त्याचं काम. गाडी सगळ्या घराची, पण मला विचारलं कुणी? योगेशला म्हटलं, तर नवरोजी म्हणतात, "अगं, हौस असते एकेकाची." हौस त्याची, आणि भाजीच्या पिशव्या माझ्या मांडीवर.

वर उद्या जोडणीही मीच करायची. "वहिनी, तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाल्या ना!" हो. त्याचसाठी तर चार वर्षं घासली.

रविवार, ३ ऑगस्ट

जोडलं. अॅम्प्लिफायरला दोन चॅनेल असतात. त्यांचं मिळून एक करायचं, म्हणजे ब्रिज करायचं – डावीकडचा प्लस आणि उजवीकडचा मायनस, दोनच टोकं घ्यायची, मधली दोन मोकळी ठेवायची. दोन्ही सबवूफर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, नाहीतर अॅम्प्लिफायर तापून बंद पडतो. सगळं अगदी नियमाने केलं.

आणि मग अभिनव चहा आणायला आत गेला. एका सबवूफरचे स्क्रू अजून लावायचे होते. मी त्याच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि स्क्रू आवळून टाकले. आता एक पुढे ढकलेल तेव्हा दुसरा मागे ओढेल – दोघं मिळून शून्य! काही जळत नाही, बिघडत नाही. नुसता दणका गायब होतो.

लावून पाहिल्यावर पोराचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "नवीन आहे, मोकळा व्हायला वेळ लागतो." तेव्हा हसू येत होतं मला. वाटलं, आठ दिवसांत कंटाळेल आणि खोकं परत करेल.

सोमवार, ४ ऑगस्ट

अभिनव फोनवर कुणाला तरी सांगत होता, "जोडणीचा प्रश्नच नाही रे, वहिनींनी केलीये." आमटीत मीठ दोनदा पडलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

लिहायलासुद्धा लाज वाटतेय.

अभिनवने आज बाबांना गाडीत बसवलं. बाबा म्हणजे माझे सासरे. धायरी अजून गाव होतं तेव्हा इथलं ढोलपथक त्यांनी उभं केलं. आयुष्यभर कमरेला ढोल, त्यातच कान गेले. मशीन लावलं की नुसती खरखर होते म्हणतात, म्हणून ते कपाटात पडलंय. सध्या सगळीकडे पथकांचा सराव चाललाय, तर बाबा त्या रस्त्याने जातसुद्धा नाहीत.

अभिनवला कुणाकडून तरी त्यांच्या पथकाचं जुनं रेकॉर्डिंग मिळालंय. त्यासाठी होतं ते खोकं! "कानाला नाही तर नाही, वहिनी, पाठीला तर कळेल ना!" मला आधी का नाही सांगितलं याने? आणि मी तरी कुठे विचारलं? नुसती फणफणत राहिले.

लावलं. ताशा कडकडत होता. ढोल नाही. एक ठोका नाही! बाबा उतरले, डिकीकडे गेले, दोन्ही सबवूफरवर एकेक तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. मग अभिनवला म्हणाले, "यंत्र चांगलं हाय रं. माझंच समदं गेलं आता."

तेव्हाच सांगता आलं असतं. मी पाणी आणायला आत गेले. नालायक बाई!

बुधवार, ६ ऑगस्ट

अभिनव बिबवेवाडीला जाऊन दुकानदाराशी भांडून आला. तो बिचारा इंद्रजीत म्हणत होता, जोडणी एकदा तपासून बघा. हा म्हणे, "आमच्या वहिनी इंजिनियर आहेत!" चारचौघांत त्याला चोर म्हणाला. शुक्रवारी खोकं परत जाणार.

बाबा आज पारावरही गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून होते. आणि मला म्हणे डिकी हवी होती!

गुरुवार, ७ ऑगस्ट

ऑफिसला दांडी मारली. सबवूफर खोलला आणि वायरी सरळ केल्या. लावलं तर समोरच्या मथुराबाईंच्या खिडकीची तावदानं थरथरली. त्यांनी डोकं बाहेर काढून विचारलं, "मिरवणूक इथूनच निघणार का यंदा?" म्हणाल्या तर म्हणू देत.

बाबा यायलाच तयार नव्हते. हात हलवून नको नको म्हणत होते. मी सरळ हाताला धरून आणलं, मागच्या सीटवर बसवलं आणि लावलं.

पहिल्या ठोक्याला पाठ ताठ झाली त्यांची. डोळे मिटले. बोटं मांडीवर पडायला लागली. जरा वेळाने कपाळाला आठी घालून म्हणाले, "डावीकडचा गडी मागं पडतुय. तवाबी पडायचा!" मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

अभिनवला फोन केला. सांगितलं, एक वायर सैल होती. सैल होती म्हणे! आणखी एक खोटं. त्याने लगेच इंद्रजीतला फोन करून माफी मागितली – माझ्या वाटणीची. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगून टाकणार.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

आधी बाबांना सांगायचं ठरवून चहा घेऊन गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले – एक पुढे नेला, एक मागे. एरवी बोलले की गल्लीभर ऐकू जातं, आज हळू बोलले. "मंगळवारीच कळलं व्हतं हाताला, जिवाला लागलं व्हतं. त्याला नगं सांगूस, लई भरवसा हाय त्याचा तुझ्यावर." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आन् हितनं पुढं पिशव्या माझ्या मांडीवर देत जा."