तिसरी किल्ली

ती. आक्कास,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून या खेपेला अर्धाच वाकलो, उरलेला भेटीत पुरा करीन). तुझा गुडघा काय म्हणतो? टपाल कचेरीतून निवृत्त झालीस तरी सकाळी दहाच्या ठोक्याला तू तयार होऊन खुर्चीत बसतेस, असं कानावर आलं. इकडे आई ठणठणीत आहे, तुझी भावजय बरी आहे, भिंगरीची शाळा संपली, आणि आपल्या घरात राज्यघटना लागू होऊन आज दोन महिने झाले.

शेवटचं जरा सविस्तर सांगतो. वाचनालयात एका निवृत्त न्यायाधीशांचं व्याख्यान होतं. माइक ठेवायच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून ग्रंथपाल मला दुकानातून उचलूनच घेऊन गेले. कपाट व्यासपीठाच्या मागे. ते उघडून देईपर्यंत मंडळी स्थिरस्थावर झाली होती, आणि बाहेर पडायची वाट थेट वक्त्यांच्या पुढून. मग काय, व्यासपीठावरच्या रिकाम्या खुर्चीत हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन दीड तास बसलो. (आभार मानताना 'इतर मान्यवर' म्हणाले ते मलाच. दुसरं कोणी नव्हतंच.) न्यायाधीश म्हणाले की माणसाचे विचार, त्याची पत्रं, त्याची पेटी हे सगळं त्याचं स्वतःचं असतं, सबळ कारण असल्याशिवाय सरकारनेसुद्धा तिथे हात घालायचा नसतो. आक्का, तीस वर्षं मी लोकांची कुलपं उघडतोय, पण लोक कुलूप लावतात कशासाठी, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

घरी येऊन जेवताना जाहीर करून टाकलं की यापुढे या घरात प्रत्येकाला आपापला हक्काचा खण. चार खणांचं जुनं कपाट दुकानातून आणलं, चार कुलपं बसवली. तुझ्या भावजयीने लगेच खोट काढली. कुलपं वाटणारा माणूस अर्ध्या मिनिटात तारेने ती सगळी उघडू शकतो, तर हा हक्क आहे की चेष्टा? मुद्दा बिनतोड होता. तेव्हा 'मालकाच्या परवानगीशिवाय घरातल्या कुठल्याही कुलपाला तार लावणार नाही' असं मी कागदावर लिहून दिलं, खाली सही केली, आणि तिने तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. आपल्या घरातला हा एकमेव लेखी कायदा.

पहिल्या आठवड्यात घर स्वातंत्र्याने जेरीस आलं. आईने टीव्हीचा रिमोट खणात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि दुपारभर झोपली. विचारलं तर म्हणाली, हक्क म्हणजे हक्क. त्यावर सुडाने तुझ्या भावजयीने गॅसचा लायटर आपल्या खणात बंद केला आणि बहिणीकडे निघून गेली. पुढे आईच्या खणातून वास यायला लागला. तिने दात नसलेल्या माणसाच्या दूरदृष्टीने आत अर्धा डझन केळी साठवली होती. मुंग्यांची रांग स्वयंपाकघरापर्यंत पोचली तरी ती खण उघडू देईना. शेवटी तिघांनी मिळून ठराव केला की केळी आईची असली तरी मुंग्या सगळ्यांच्या आहेत, तेव्हा जिथे तिच्या मुंग्या आमच्या साखरेत शिरतात तिथे तिचा हक्क संपतो. (न्यायाधीशांनीही मर्यादांबद्दल काहीतरी सांगितलं होतं, पण तेव्हा मी फाटका मोजा खुर्चीखाली लपवण्यात गुंतलो होतो.) आईने खण उघडला, पण आमच्याकडे पाठ करून.

आता मुद्द्यावर येतो. भिंगरीला नाव पडलं तेच मुळी एका जागी ठरत नाही म्हणून. ती महिनाभर गप्प गप्प होती. जेवताना ताटात बघायची, आणि खणाला दिवसातून चार वेळा कुलूप लागलंय का बघून जायची. तुझ्या भावजयीच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. कोणाची पत्रं असतील, कसली औषधं असतील, काय असेल आत? परवा पोरगी बाहेर गेली तशी ती माझ्यापुढे तार घेऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं गं. म्हणाली, कागद मी फाडते, तू फक्त उघड.

मी तार घेतली. खोटं कशाला सांगू, मी गुडघे टेकून बसलोसुद्धा. तार कुलपात शिरणार एवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"एक पेटी उघडलीस तेवढी पुरे झाली."

माझा हात तिथेच थांबला. मी दहा वर्षांचा होतो. तुझ्या पेटीचं कुलूप, तुझ्याच केसांतला आकडा. आबा म्हणाले, बघू जमतंय का. जमलं. त्यांनी आतला तुझा कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज काढून फाडला आणि माझ्या पाठीवर थाप मारली, पोराच्या हातात कला आहे म्हणून. त्या थापेवर मी पुढे दुकान थाटलं. आणि मला पहिली कानस कोणी घेऊन दिली? तू. तेही टपालात चिकटल्यावर, पहिल्याच पगारातून. इतकी वर्षं लोकांची बंद पाकिटं तू बंदच पोचवलीस, आणि माझ्यापाशी त्या पेटीचा शब्दही काढला नाहीस. आई म्हणाली, मी त्या दिवशी गप्प बसले, आज बसणार नाही. आक्का, तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. आज लिहून दाखवतो, कारण बोलायला गेलो तर जमायचं नाही.

तार पिशवीत टाकली. भिंगरी आल्यावर जे झालं ते सगळं तिला सांगितलं, मी गुडघे टेकल्याचंही. तिने आधी कुलूप निरखून पाहिलं, मग मला.

"बाबा, तुम्ही खरंच उघडलं नाहीत?"

नाही म्हटलं. तिने आपणहून किल्ली लावली. आत एक कागद होता. तो कसला, हे खाली लिहितो, कारण इथवर येऊन माझी हिंमत संपली आहे. आईचे आशीर्वाद, भावजयीचा नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. तो जमीनमोजणीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा अर्ज होता. कॉलेज तुझ्या गावात आहे. सगळे रकाने भरलेले, फक्त 'राहण्याचा पत्ता' कोरा. तिथे तुझा पत्ता लिहू का? नाही म्हणालीस तरी राग नाही, नाही म्हणायचा हक्क तुला सगळ्यांत जास्त आहे. मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. भावजयीने कपाटावरचा माझ्या सहीचा कागद फाडायचं रद्द करून त्याला चुरगळू नये म्हणून पुठ्ठा लावला आहे.

दुसरा ता. क. हे पत्र भिंगरीने वाचलेलं नाही. आईने वाचलं आहे. जाब विचारला तर म्हणाली, तिला माहितीचा अधिकार आहे.

तिसरा ता. क. सोबत दोन कुलपं पाठवतोय. एक भिंगरीच्या खोलीसाठी, एक तुझ्या त्या पेटीसाठी. अजून असेल तर. प्रत्येकी दोन किल्ल्या, सगळ्या तुमच्याकडेच. हाताच्या सवयीने मी तुझ्या पेटीची तिसरीही बनवली होती. ती तुझ्याच कानशीने दात जाईपर्यंत घासून टाकली आहे. पुडीत गुळगुळीत तुकडा सापडेल, तो तिचा.