चौदा नंबरचा फोटो

पापडी, वसई
रविवार, १० सप्टेंबर २००६

प्रिय ताई,

गुरुवारीच फोनवर बोललो आणि आता हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी तू म्हणशील त्याला हो म्हणतो आणि ठेवल्यावर सुधारतो, हे तुला माहीत आहे. कागदावर खोडता येतं. हे दुसऱ्यांदा उतरवून काढलंय. पाकिटात दोन पुठ्ठे दोऱ्याने बांधलेले आहेत, ते आधी सोडू नकोस. आणि शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायच्या आत हे पत्र शेवटपर्यंत वाच. अनुष्काला झोपवून निवांत वाचलंस तरी चालेल.

बाबा बरे आहेत. मांडवावर दुधी लागलेत. रोज सकाळी दोन काढतात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवतात, आई असताना ठेवायचे तसेच. मग मीच उचलून आत नेतो. मी केलेली दुधीची भाजी ते मुकाट खातात. परवा एवढंच म्हणाले की मीठ मोजून घालतोस का रे, फॅक्टरीतल्यासारखं? खरं तर मोजूनच घालतो.

फॅक्टरीत मी नक्की काय करतो, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. बारावी अर्धवट सोडून सातिवलीच्या गाळ्यात कागदाला लेप लावतो, एवढंच तू भावोजींना सांगितलंस आणि ते खोटं नाही. फोटो स्टुडिओत छोटं मशीन असतं, त्यातून मिनिटभरात फोटो निघतो, त्याचा हा कागद. त्यात शाई नसते. रंगाची पातळ रिबन कागदावर टेकते, वरून पट्टी तापते आणि रंग वाफ होऊन कागदावरच्या लेपात शिरतो. सगळी करामत त्या लेपाची. लेप मऊ ठेवला तर रंग खोल शिरतो, फोटो जिवंत दिसतो, पण गरम रिबन त्याला चिकटते आणि निघताना फाडते. कडक केला तर रिबन अलगद सुटते, पण रंग वरवर राहतो, माणूस आजारी दिसतं. चिकटू नये म्हणून सिलिकॉन घालावं, तर जास्त झाल्यावर फोटोवरचं पारदर्शक आवरण धरत नाही, नखानेही निघतं. एक दुरुस्त केलं की दुसरं बिघडतं. आमचे हर्षवर्धन सर इंजिनियर आहेत, ते मिश्रण ठरवतात. मी ते वजन करून ढवळतो, लावतो, वाळवतो आणि प्रत्येक खेपेला नंबर देऊन वहीत लिहितो. माझी वही ते कुणालाही दाखवतात, याचा आईला फार अभिमान होता.

गेल्या दिवाळीनंतर मी एकदा डबा विसरलो, तेव्हा आई सहा आसनी रिक्षाने तो घेऊन थेट गाळ्यावर आली. सरांनी तेव्हाच नवा डिजिटल कॅमेरा आणला होता. चाचणीसाठी त्यांना असा फोटो हवा होता ज्यात माणसाची कातडी, काळे केस, एक पिवळा आणि एक हिरवा रंग असेल. आई दारात उभी राहिली, पिवळं लुगडं, हिरवा काठ, हातात डबा. सर म्हणाले, झालं काम. आई लाजून मशीनच्या मागे जायला लागली. आमच्याकडे तपासणीला क्लेमेंटीन आहे, इथलीच, चर्चमागची. ती म्हणाली, मावशी, हसा, नाहीतर मशीन रुसेल. आई म्हणाली, "माजा फोटू शंभरदा काडून काय करनार? आता मला कोन बगायला येनार हाय का?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. पडलेला दात लपवायला तिने हात वर नेला, तो हनुवटीपर्यंत पोचला तेवढ्यात सरांनी बटण दाबलं. तुझ्या भिंतीवरचा फोटो तोच.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक लेपावर आधी आई छापली जाते. ती गेल्यावर मी कामावर परतलो, तर सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की चाचणीचा फोटो बदलू या का, संगणकात दुसरे आहेत. मी नको म्हणालो. फोटो बदलला तर नवा लेप जुन्याशी ताडून कसा बघणार? हे कारण खरंच आहे, ताई, पण तेवढंच नव्हतं. रोज दहाच्या सुमारास मशीन सुरू होतं आणि आई हळूहळू बाहेर येते. आधी पिवळी, मग लाल मिसळतो, मग निळा आणि ती पुरी होते. कधी रिबन चिकटते आणि अर्धा गाल तिकडेच राहतो. बिघडलेले फोटो पूर्वी कचऱ्यात जायचे. मार्चपासून क्लेमेंटीन ते एका रिकाम्या खोक्यात पालथे घालून ठेवते. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

आईच्या आजारपणाचं तुला कळवलं नाही, यावरून तू माझ्याशी किती दिवस नीट बोलली नव्हतीस. तुला सातवा होता आणि आईने शपथ घातली होती. तू दिवाळीत तिला धडधाकट पाहिलंस आणि नंतर एकदम तेराव्यालाच आलीस. मधली आई मी पाहिली. शेवटच्या पंधरवड्यात तिचा रंग उडून ती राखेसारखी झाली होती. तेराव्याला तुला फोटो द्यायचा म्हणून मी आमच्याकडचे सगळे लेप काढून बसलो. अकरा नंबर कडक होता, टिकाऊ, पण त्याच्यावर आई अगदी दवाखान्यातल्यासारखी दिसत होती. चौदा नंबरवर ती दारात डबा घेऊन उभी होती तशीच्या तशी होती. मी चौदा नंबर फ्रेम करून तुझ्या हातात दिला. तू काचेवरून बोट फिरवलंस आणि आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोललीस.

आता गुरुवारचं. तू म्हणालीस की फोटोतल्या आईचे डोळे तुला हल्ली पुसट दिसतात, बाळंतपणात नजर गेली असणार असं सासूबाई म्हणतात, शनिवारी नंबर काढून चष्मा करते. अनुष्काला रोज कडेवर घेऊन आजी दाखवतेस आणि तुलाच नीट दिसत नाही, म्हणून रडलीस. आणि मी म्हणालो, हो ताई, करून घे चष्मा. तेराव्याच्या दोन दिवस आधी चौदा नंबरवर छापलेल्या आईच्या फोटोची चाचणीची पट्टी भट्टीतून निघाली होती. सात दिवस साठ अंशांत ठेवून आम्ही लेप किती टिकेल ते बघतो. इतक्या मऊ लेपात शिरलेला रंग एका जागी बसत नाही, उष्णतेने आतल्या आत पसरतो. पट्टीवर आईचे डोळे गालांत मिसळले होते. ते मी माझ्या हाताने वहीत लिहिलं आणि तरी तुला तोच फोटो दिला. सिन्नरला तुमच्या पत्र्याखाली तो एक उन्हाळा कसाबसा निघाला असेल. आता दोरा सोड. पुठ्ठ्यांमध्ये सत्तावीस नंबर आहे. पिवळा चौदाइतका नाही, ओठ जरा फिके आहेत, पण दोनदा भट्टीतून काढला तरी डोळ्यांच्या कडा हलल्या नाहीत. हा भिंतीवर लाव. जुना फाडू नकोस, कपाटात ठेव, तिथे गार असतं. रागावायचं असेल तर फोनवर रागाव, मी ठेवणार नाही. पण चष्मा करू नकोस, ताई. तुझी नजर चांगली आहे. तुला जे दिसत होतं ते बरोबर होतं.

अनुष्काला मामाचा पापा. बाबांनी दोन दुधी पाठवायचे म्हणून बाजूला काढले होते, पाकिटात मावणार नाहीत हे त्यांना समजावून हे बंद करतो.

तुझाच, मोजून मापून चुकलेला,
भूपेश