ताईच्या मापाचं पायडल

३ जून

ती. ताईस शि. सा. न.

पलंगाला बसवायचं पायडल, त्याच्या दोन बिजागऱ्या, चार स्प्रिंगा आणि टाच सरकू नये म्हणून मागची वाटी, हे सगळं मी स्वतःच्या हातानं केलंय. स्क्रू तेवढे विकतचे. भाऊजींना सांग, हातोडी लावू नका, नुसतं दाबून बसतं.

उजव्या पायात गुठळी होऊन तू आडवी झालीस. आता पडून राहून दुसरी नको. पंजे खालीवर करत राहा. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. वाहतं रक्त सहसा गोठत नाही. शाळा सुटली असली तरी पंप मला कळतो. आळस केलास तर भांडायला येईन.

तुझाच, धाकटा

१९ जून

चि. खटपट्यास अ. उ. आ.

तुझ्या भाऊजींनी हातोडी काढलीच होती, तुझं पत्र दाखवून परत ठेवायला लावली. पायडल झकास बसलं. डावीकडची एक स्प्रिंग जरा कुरकुरते.

रोज चालवते, तरी डाव्या पायातही गुठळी निघालीच. तुझा पंप चोख आहे रे, माझं रक्तच तसलं. रक्त नको तिथे गोठायला लागलं की त्याला आवरणारं एक प्रथिन असतं म्हणे. माझ्यात ते जन्मापासून निम्मंच. गुठळीवरचं इंजेक्शनही त्याच प्रथिनाला जोर देतं. तेच अपुरं, तर जोर देणार कुणाला? रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, तर पोटात रक्तस्राव झाला. त्याही बंद. आता छातीत कळ येते.

भावंडांत हे असू शकतं असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तू दिवसभर लेथपुढे उभा. मला सगळं कळतं म्हणत बसू नकोस, रक्त तपासून घे.

आठवण ठेव, ताई

२ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

या वेळी पत्र भाऊजींच्या अक्षरात आलं. गुठळी फुप्फुसात गेली, तुला पेन धरवत नाही, पंजेही हलवत नाहीस, सगळं कळलं. हे ते वाचून दाखवतील.

तपासून आलो. माझंही निम्मंच.

मऊ स्प्रिंग पाठवतोय. डावीकडची. लागणार नाही हे ठाऊक आहे, पण कुरकुर ठेवून काम सोडणं मला जमत नाही.

लोभ आहे तसाच राहू दे. जमेल तेवढे दिवस.

तुझा, धाकटा

ता. क. दवाखान्याचं सामान विकणारा एकजण पायडलाचं डिझाइन मागायला आला होता. खोक्यावर छापणार होता की हे वापरा, गुठळी होणारच नाही. मी म्हटलं, शक्यता कमी होते एवढंच छाप. तसं कुणी विकत घेत नाही म्हणाला. नको म्हणून सांगितलं. दीड लाख देत होता.